कॅबरे : गुत्त्यातून रंगमंचावर

नमस्कार श्रोतेहो. कॅबरे म्हटलं की आपल्याला आठवतो हिंदी सिनेमातला खलनायकाचा अड्डा. सिगारेटचा धूर, बँडमधला ट्रम्पेट (वाजवणारा बहुधा गोंयकार!) आणि डोक्यावर पिसांचा तुरा लावून नाचणारी हेलन.

मूळ फ्रेंचमध्ये मात्र कॅबरे म्हणजे साधा गुत्ता. दारू प्या, सोबत काही खा, उठा. बहुतेक कोशकार हा शब्द उत्तर फ्रान्सच्या पिकार्ड बोलीतल्या ‘लहानशी खोली’ या शब्दापर्यंत नेतात, आणि तिथून लॅटिनमधल्या ‘कॅमेरा’पर्यंत. कॅमेरा म्हणजेही खोलीच. तेव्हा आपला फोटोचा कॅमेरा आणि कॅबरे हे नात्याने चुलतभाऊ लागतात.

या गुत्त्यात करमणूक शिरली ती 1881 मध्ये. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात रोदोल्फ सालीस यानं ‘ल शा न्वार’, म्हणजे ‘काळं मांजर’, उघडलं. कवी, चित्रकार, गवई तिथे जमायचे. सालीस मोठा खट्याळ. फ्रेंच अकादमीचे विद्वान जो हिरवा पोशाख घालतात, तोच त्यानं आपल्या वेटरांच्या अंगावर चढवला! पुढे त्याच जागेत आरिस्तीद ब्रुआंनं स्वतःचं दुकान थाटलं. तो आल्या गिऱ्हाइकाला सरळ शिव्या घालायचा, आणि बडे लोक त्या ऐकायला पैसे मोजून यायचे. नाचाचा झगमगाट वाढला तो नंतर, 1889 मध्ये मुलँ रूज हा कॅबरे सुरू झाल्यावर. आपल्या सिनेमानं उचलला तो हा झगमगाट. टवाळी तिकडेच राहिली.

जर्मन लोकांनी दोन्ही घेतलं आणि शब्दही दोन ठेवले. नाचगाण्याचा तो ‘कॅबरे’, आणि सत्ताधाऱ्यांना चिमटे काढणारं ते ‘काबारेट’. बर्लिनच्या ‘काटाकोंबं’ नावाच्या काबारेटमध्ये वेर्नर फिंक हा विनोदकार असे चिमटे काढायचा. नाझी राजवट आली, तसे गुप्त पोलीस प्रेक्षकांत बसून त्याचे विनोद वहीत उतरवू लागले. तेव्हा फिंकनं रंगमंचावरूनच त्यांना विचारलं म्हणे, “लिहिता लिहिता येताय ना माझ्याबरोबर? की मीच येऊ तुमच्याबरोबर?”

1935 च्या मे महिन्यात त्याला खरोखरच जावं लागलं, एस्टरवेगनच्या छळछावणीत. काटाकोंबंला टाळं लागलं. काही आठवड्यांनी फिंक सुटला, पण बाहेर आला तो वर्षभराची रंगमंचबंदी घेऊनच.