नावापुढचा पाडा

(दृश्य : धडगावचा घाट, सकाळ)

सातपुड्याच्या या घाटात मोबाइलची रेंज वळणागणिक येते आणि जाते. कठड्यावर बसलेल्या, गावोगावी आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईंनी फोन उंच धरला आहे, कारण काल तीन पाड्यांवर घेतलेल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीच्या नोंदी अजून त्या फोनमध्येच आहेत. शेजारी उभ्या असलेल्या संशोधिका अनेक वर्षे अशा नोंदींचाच अभ्यास करीत आहेत. आपले नाव पडद्यावर नको, ही त्यांची अट आम्ही पाळली आहे.

(दृश्य : यावलची केळीबाग)

केळी पिकवणाऱ्या घरात त्या वाढल्या आणि जळगावच्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकल्या. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा त्या शेवटच्या वर्षाला होत्या. क्रमांक मिळाला की माणसाची नोंद चुकणार नाही, असे त्यांना वाटले होते. पीएच.डी.साठी आरोग्य केंद्रांची रजिस्टरे उघडल्यावर तो समज महिनाभरही टिकला नाही.

(दृश्य : रजिस्टरचे पान, जवळून)

नावे आम्ही कागदाच्या पट्टीने झाकली आहेत. उरलेले रकाने पाहा. आडनाव पावरा, खाली पावरा, त्याखालीही पावरा. जन्मतारीख १ जून, पुन्हा १ जून, कारण खरी तारीख ठाऊक नसली की शाळेत हीच लिहायची जुनी रीत आहे. त्यात विवाहितेची एक नोंद सासरी, दुसरी माहेरी, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेल्यावर तिसरी तिकडे.

(दृश्य : प्रयोगशाळा)

सिकलसेलच्या तपासणीत हा गोंधळ महागात पडतो. पहिल्या तपासणीत रक्त मिसळल्यावर नळीतला द्राव गढूळ होऊन मागची रेघ दिसेनाशी झाली, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. व्यक्ती वाहक आहे, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेली, की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी सांगते. पहिला अहवाल केंद्रावर आणि दुसरा जिल्ह्याच्या ठिकाणी तयार होत असेल, तर दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत हे ओळखायचे कसे, हा संशोधिकांच्या प्रबंधाचा विषय झाला. त्यांनी नावे अक्षरांऐवजी उच्चारावरून जुळवणारी आज्ञावली लिहिली, वडील आणि पती दोघांचीही नावे घेतली, तरी जुळणी अडखळत राहिली. अखेर एका आशाताईंनीच विचारले, ‘मॅडम, पाडा कुठे लिहायचा?’ अर्जात गावाचा रकाना होता, पाड्याचा नव्हता. इथे एकाच महसुली गावाचे पाडे डोंगराच्या दोन अंगांना असतात, हे त्या अर्ज बनवणाऱ्याने पाहिले नसावे.

(दृश्य : पाड्यावरची तपासणी, हातांची दृश्ये)

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पाडाही लिहिल्यावर जुळलेल्या नोंदींमुळे काही जोडप्यांना हे वेळेत सांगता आले.

(दृश्य : पुन्हा घाट, नंतर नर्मदेचा फुगवटा)

रेंज आली. तीन पाड्यांच्या नोंदी गेल्या. चौथा पाडा पाण्यापलीकडे आहे आणि आशाताई बोटीची वाट पाहत आहेत. पिशवीत फोन आहे, आणि रजिस्टरही.