इस्तंबूलचा शेवटचा दिवस

नमस्कार श्रोतेहो.

परदेशातल्या सहलीचा शेवटचा दिवस म्हणजे पलंगभर पसरलेलं सामान, कुणाला काय न्यायचं त्याची यादी आणि पाकिटात उरलेलं परकं चलन. मग घराघरात वाद होतो, खरेदीला जायचं की राहिलेलं काही बघायचं? मी सहलींबरोबर जाते, म्हणून सांगते, इस्तंबूलला असाल तर हा वाद घालूच नका. तिथला बाजार हीच बघायची जागा आहे.

गलाता पुलाजवळ, एमिनोन्यूच्या धक्क्यासमोर मसाल्यांचा जुना बाजार आहे. 1660च्या दशकात बांधलेला. त्याच्या गाळ्यांचं भाडं शेजारच्या येनी जामी या मशिदीच्या खर्चाला जायचं. म्हणजे बाजार आणि मशीद एकाच हिशोबातून उभी राहिलेली.

याच बाजारात आमच्या गटातल्या एक मावशी केशर घ्यायला निघाल्या. सोलापूरकडच्या, घरची कोरडवाहू शेती. सुनेला सातवा महिना लागलेला, त्यामुळे बाकी काही नाही मिळालं तरी चालेल, केशर हवंच. एका दुकानात तांबूस-केशरी ढीग रचला होता. वर पाटी, ‘तुर्की केशर’. भाव इतका कमी, की गटातल्या सगळ्यांनी पिशव्या पुढे केल्या. मावशी मात्र थांबल्या. चिमूटभर उचललं, वास घेतला, तळहातावर चोळलं आणि मला म्हणाल्या, “अहो ताई, ही तर आमच्या रानातली करडी! आणि केशर असं पोत्यात भरून ठेवतात होय?”

श्रोतेहो, मावशींचं बरोबर होतं. ती करडईच्या फुलाची पाकळी होती. इस्तंबूलच्या बाजारात ती तुर्की केशर या नावानं सर्रास विकली जाते. खरं केशर ग्रॅमभर जमवायला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, प्रत्येक फुलातून तीनच तंतू निघतात. त्याचे ढीग लागणार कुठून?

मी दुकानदाराला इंग्रजीत विचारलं. तो रागावला नाही. आधी हसला, मग काचेच्या कपाटातून छोटी डबी काढून मावशींसमोर ठेवली. हे खरं. मावशींनी एक तंतू जिभेवर ठेवला, मान हलवली, आणि दोन ग्रॅमची डबी घेतली. तोवर चहा आला होता. मग मावशी त्याला करडईबद्दल सांगत बसल्या आणि मी मध्ये बसून इंग्रजीत सांगत होते. झाडाला काटे कसे असतात, म्हणून शाळूच्या कडेनं करडई पेरायची म्हणजे गुरं आत शिरत नाहीत, कोवळ्या पानांची भाजी कशी करतात, बियांचं तेल कसं काढतात. त्यानं जन्मभर पाकळ्या विकल्या, पण झाड कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आपल्या पोऱ्याला बोलावून त्यालाही ऐकायला बसवलं.

जाता जाता सांगते, आपल्याकडे करडईचं क्षेत्र इतकं घटलं याचं मला फार वाईट वाटतं. रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येणारं पीक, घाण्याचं तेल, आणि आपण बाहेरून आलेल्या पामतेलावर फोडण्या घालतो. असो.

उठताना दुकानदार म्हणाला, आता रुस्तम पाशा मशीद बघून या. पोरगा गल्लीतून सोबत आला आणि दुकानांमधला एक अरुंद जिना दाखवला. सोळाव्या शतकात मिमार सिनान या वास्तुकारानं ही मशीद गाळ्यांच्या वर, उंचावर बांधली. खाली दुकानं, त्यांचं भाडं मशिदीला. आत भिंतीभर इझनिक या गावच्या नक्षीदार फरशा, निळ्या आणि लाल रंगात ट्युलिपची, कार्नेशनची फुलं. मावशी फरशीफरशीवर करडईचं फूल शोधत होत्या. सापडलं नाही, पण गटातल्या कुणीच ती मशीद इतकी निरखून पाहिली नसेल.

तर केशराची खूण सांगते. खऱ्या तंतूचं एक टोक तुतारीसारखं पसरलेलं असतं. कोमट दुधात टाकलं तर रंग हळूहळू उतरतो आणि तंतू लालच राहतो. ढिगातलं केशर घेऊ नका, डबीतलं घ्या, तेही वास घेऊन.

दुसरं, कुणी जुनं नाणं किंवा उत्खननातला तुकडा म्हणून काही दाखवलं तर हातसुद्धा लावू नका. तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेणं गुन्हा आहे. पुन्हा सांगते, जुनं नाणं नको. डाळिंबाच्या रसाचा आंबट पाक मात्र जरूर घ्या, भेळेच्या चटणीत सुरेख लागतो. बाटली मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेतली विमानतळावर काढून घेतील.

आणि शेवटच्या दुपारी गालिच्यांच्या दालनात बसवून ठेवणाऱ्या सहली मला पटत नाहीत. स्पष्ट सांगा, आम्हाला एमिनोन्यूला सोडा. तिथून काडिकॉयला जाणारी साधी फेरीबोट पकडा, रोज कामावर जाणारे लोक जातात तीच. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात पोहोचाल, आणि डेकवरून तोपकापी राजवाडा, हागिया सोफिया मशीद, सगळं एका रांगेत दिसेल.

छतबंद मोठा बाजार, कापालीचार्शी, रविवारी बंद असतो. तुमचं विमान सोमवारी पहाटेचं असेल, तर तो शनिवारीच उरका. रुस्तम पाशा मशीद मात्र नमाजाच्या वेळा सोडून दिवसा बघता येते. बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ ठेवा.

नमस्कार.