रंग गेला, हात थांबला

श्रोतेहो, नमस्कार. आज मला आठ मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे हौसेखातर लोहारकाम. हसू नका. मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता मागच्या अंगणात भट्टी पेटवते. शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटायचं, मी वांगी भाजते. एकदा तर त्या वाटी घेऊन आल्या होत्या.

तर आधी भट्टी. जुनं लोखंडी घमेलं घ्या. चुलीला देतो तसा आतून मातीचा जाड लेप द्या, चांगला वाळू द्या. मधून इंचभर जाडीचा, भोकं पाडलेला पाइप न्या. त्याच्या बाहेरच्या तोंडाला काय लावायचं? सुनेचा जुना हेअर ड्रायर. खरंच सांगते, माझा भाता तोच आहे, फक्त त्याला आगीपासून हातभर लांब ठेवते. कोळसा लाकडी घ्या, धूर कमी. आमच्या शहराला २०१७ साली स्वच्छतेचा पहिला नंबर मिळाला तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक जण धुराचा इन्स्पेक्टर झालाय.

एक मात्र लक्षात ठेवा, पाइप जस्ताचा मुलामा दिलेला नको. पुन्हा सांगते, जस्ताचा नको, आणि तापवायला घेतलेलं लोखंडही जस्ताचं नको. जस्त नऊशे अंशांच्या जरा वर उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुनी बादली, पाण्याचा पाइप, पत्रा, यातलं काही भट्टीत घालायचं नाही.

ऐरण म्हणून रुळाचा तुकडा चांगला. पण भंगारवाल्याकडून पावती घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे, छंदापायी कोर्टाच्या पायऱ्या नकोत. ऐरण चिंचेच्या ओंडक्यावर बसवा. उंची किती? सरळ उभं राहून हात खाली सोडा, मूठ वळा. मुठीची हाडं जिथे टेकतील तेवढी. हातोडा किलोभराचा पुरे. आमच्याकडची तरुण मुलं महिन्याचे हजार-हजार रुपये भरून जिममध्ये नुसतंच वजन वर-खाली करतात. घरी यायला सांगितलं तर एकही येत नाही.

कपडे सुती, पायात बंद बूट, डोळ्यांवर चष्मा, शेजारी पाण्याची बादली. टेरिकॉट किंवा नायलॉन अंगावर नको, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं.

आणि आता मला जे सांगायचंय ते.

तीन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. रिंग रोडच्या कडेला गाडिया लोहारांचा मुक्काम पडला होता. तुम्हीही पाहिले असतील. नक्षीच्या पत्र्यांनी मढवलेली बैलगाडी, वर उलटी टाकलेली खाट. १५६८ साली चित्तोड पडलं तेव्हा पूर्वजांनी घर न करण्याची आणि खाटेवर न झोपण्याची शपथ घेतली, असं ते लोक सांगतात. मी तिथे पोचले ती पिशवीत माझं पहिलंवहिलं उलथणं घेऊन. मधोमध तडा गेलेलं. ट्रकच्या कमानीची पट्टी वापरली होती, म्हटलं मजबूत होईल.

म्हाताऱ्याने ते हातात घेतलं, उन्हात धरलं आणि म्हणाला, "ठंडे को मारा. ऊपर से पानी भी पिला दिया."

तीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या, पण इतक्या थोडक्यात चूक मला कधी दाखवता आली नाही. कमानीच्या पोलादात कर्ब जास्त. ते निवल्यावर ठोकलं की तडकतं आणि लाल असताना पाण्यात बुडवलं तर काचेसारखं होतं. पहिले काही महिने तुम्ही साधं लोखंड घ्या, फॅब्रिकेशनच्या दुकानात दहा-बारा मिलिमीटरच्या गजाचे तुकडे पडलेले असतात. साधं लोखंड घ्या, ते चुका पोटात घालतं.

तिथे घण कोण चालवत होतं सांगू? म्हाताऱ्याची सून. ओढणी कमरेला खोचलेली, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. हे पुरुषी काम आहे असं मला ज्या ज्या लोकांनी सांगितलं, त्यांना एकदा तिच्यासमोर उभं करायला हवं. मी म्हटलं, मलाही शिकव. ती म्हणाली, "मॅडमजी, पहले हवा देना सीखो," आणि पंख्याचं चाक माझ्या हातात दिलं.

दोन संध्याकाळी मी नुसतं चाक फिरवलं. जोरात फिरवलं की कोळसे उडायचे आणि ती ओरडायची, "दाल उफन रही है!" हळू केलं की म्हातारा नुसता माझ्याकडे बघायचा. ते बघणं जास्त लागायचं.

चाक फिरवता फिरवता मी ऐकत होते. म्हाताऱ्याच्या हातात सांडशी आणि छोटी हातोडी, सुनेच्या हातात घण. टिक्, धाड. टिक्, धाड. मला वाटलं ताल धरलाय. नाही हो, ते बोलत होते. टिक् म्हणजे इथे मार. ऐरणीवर रिकामं टिक् म्हणजे बस. त्या रिकाम्या टिक्‌वर ती उचललेला घण हवेत थांबवायची आणि हळूच बाजूला उतरवायची.

तिसऱ्या संध्याकाळी मला हातोडा मिळाला. पाच-सहा घाव झकास बसले, लोखंड कणकेसारखं पसरायला लागलं आणि मी रंगात आले. म्हाताऱ्याने रिकामं टिक् केलं. मी आणखी दोन हाणले. सुनेने माझा दांडा वरच्या वर धरला आणि म्हणाली, "रंग गया, हाथ रुका."

रंग गेला, हात थांबला. श्रोतेहो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मी गणिताची बाई. विचारलं, किती डिग्री? समोरून संत्र्यांची हातगाडी चालली होती. तिकडे बोट करून ती म्हणाली, "इतना." नंतर मी पुस्तकात पाहिलं, तो नारिंगी रंग म्हणजे हजार अंशांच्या आसपास. पिवळा अकराशेच्या पुढे. फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या फुटल्या की लोखंड जळतंय, मग तो तुकडा गेला. आणि हा रंग भर उन्हात दिसत नाही. म्हणून काम सावलीत करा, नाहीतर संध्याकाळी.

यावरून आठवलं, आपण सगळे धारवरून मांडूला जातो, पण धारच्या लाट मशिदीबाहेरचा मोडका लोहस्तंभ कोण बघतं? तीन तुकडे, मिळून तेरा मीटरच्या आसपास, आणि तो ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून एकात एक जोडलेले. तेराच्या तेरा मीटर! कुणीतरी रंग बघतच केलं असणार ना? आपण तिथे चहा पिऊन पुढे जातो.

असो. तिसऱ्याच संध्याकाळी मी जमिनीवरचा तुकडा बोटांनी उचलला. काळा दिसत होता, म्हटलं गार झालाय. लोखंड पाचशेच्या खाली काळंच दिसतं, हो! तीन बोटांना फोड. म्हाताऱ्याने माझा हात बादलीत दाबून धरला. भाजलं तर वीस मिनिटं साध्या पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट नको, हळद नको. आणि काहीही उचलायच्या आधी हाताची मागची बाजू जवळ न्या, आच लागली तर सांडशीने उचला.

पाचव्या संध्याकाळी उलथणं झालं. पातं बरं आलं, दांडा मात्र डावीकडे वळला. मी सरळ करायला निघाले तर सुनेने दांड्याकडे बोट दाखवलं. काळा पडला होता. हात थांबला.

तेच उलथणं घरी आणलं. मला त्याने थालीपीठ उलटता येत नाही, मनगट वाकडं होतं. आमचे हे डावखुरे आहेत. त्यांच्या हातात ते असं बसलं, जणू माप घेऊन केलंय. तेव्हापासून आमच्याकडे थालीपिठं हेच उलटतात, आणि मी त्या वेळेत भट्टी पेटवते.

नमस्कार.