छिन्नी, घण आणि पहार : दगडखाणीतील नोंद न होणाऱ्या जखमा

[दृश्य : डोंगरउताराला काळ्या दगडाची उघडी खाण. हाताने दगड फोडण्याचे काम सुरू.]

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील डोंगर ज्या काळ्या दगडाचे आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा बसाल्ट आहे. त्याचा कण बारीक आणि घट्ट असल्यामुळे घाव बसल्यावर त्याच्या धारदार कपच्या उडतात. कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरातील लेणी याच दगडात कोरलेली आहेत, आणि आज घराच्या पायाला लागणारा डबर व रस्त्याची खडी त्यातूनच निघते. मोठ्या खाणीत हे काम सुरुंग, पोकलेन आणि क्रशर करतात. लहान खाणीत ते अजूनही घण, सुतकी (दगड फोडण्याचा हातोडा), छिन्नी, पाचर आणि पहार यांच्यावरच चालते.

[दृश्य : छिन्नीचे डोके, अगदी जवळून.]

ही छिन्नी नीट पाहावी. सततच्या ठोक्यांनी तिचे डोके पसरले आहे, कडेचे पोलाद बाहेर वळले आहे आणि त्याला बारीक चिरा गेल्या आहेत. पुढच्या एखाद्या ठोक्याला त्यातील तुकडा सुटतो. तो दंडात किंवा छातीत रुतू शकतो, आणि डोळ्यात गेला तर बुबुळ भेदून आत जाऊन बसतो. अशा वेळी कधी कधी सुरुवातीला फारसे दुखतही नाही. कचरा गेला असेल असे समजून शेजारचा माणूस पदराच्या किंवा रुमालाच्या टोकाने डोळा साफ करतो आणि काम पुन्हा सुरू होते. परंतु आत राहिलेले लोखंड गंजत जाते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दृष्टिपटल निकामी करू शकते. म्हणूनच असा डोळा चोळू नये, दाबू नये, रुतलेला तुकडा ओढून काढू नये. डोळ्यावर दाब येणार नाही अशा रीतीने स्वच्छ वाटी किंवा कागदी पेला झाकून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, आणि लोखंडावर लोखंड आपटताना इजा झाली हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण तपासणी कोणत्या पद्धतीने करायची हे त्यावर ठरते. उपचारांसाठी दुरून रुग्ण येतात ते मिरज याच भागात आहे. खाणीतला माणूस तेथे वेळेवर पोहोचत नाही याचे कारण बहुधा अंतर नसते. त्या दिवसाची बुडणारी मजुरी असते.

हा तुकडा उडू नये यासाठी लागणारा उपाय फार साधा आहे. पसरलेले डोके सहाणेच्या चाकावर घासून पुन्हा नीट करावे लागते. लोहाराने पोलादाला पाणी देताना फक्त धारेकडची बाजू कडक करावी आणि डोके तुलनेने मऊ ठेवावे, कारण डोकेही कडक झाले तर ते ठोक्याने तडकते. त्याच कारणाने घणावर घण कधीही मारू नये. चष्मा अर्थातच हवा, आणि तो आघात झेलणारा हवा. उन्हाचा चष्मा या कामाला चालत नाही.

[दृश्य : एक माणूस छिन्नी धरतो, दुसरा घण घालतो.]

एकाने धरायचे आणि दुसऱ्याने घाव घालायचा, या पद्धतीत चुकलेला प्रत्येक घाव धरणाऱ्याच्या हातावर बसतो. छिन्नी लांब दांड्याच्या चिमट्यात धरली, तर तो हात घावाच्या वाटेतून दूर राहतो. घणाचा दांडा सैल असेल तर घणच निसटून समोरच्याला लागतो. पहारीची गोष्ट वेगळी आहे : दगड अचानक सरकला की तिचे वरचे टोक उलटून जबड्यावर किंवा छातीवर बसते, म्हणून तिच्यावर ओणवे होऊन सगळा भार टाकणे धोक्याचे असते.

पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या वडार समाजाला दगड कुठून फुटेल हे ओळखण्याचे कसब आहे. या जखमा निष्काळजीपणाने होतात असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. मजुरी जेथे ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर मिळते आणि हत्यार मजुराचे स्वतःचे असते, तेथे छिन्नी घासण्यात गेलेला अर्धा तास आणि नव्या दांड्याचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. उचल फेडायची असताना तो अर्धा तास कोण काढणार?

कायद्यातील एक तरतूद येथे फार महत्त्वाची ठरली. १९५२ च्या खाण अधिनियमाने ७२ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ न देणारी इजा नोंदवहीत लिहिणे बंधनकारक केले, आणि बोटाचे हाड मोडणे ही गंभीर इजा मानली. परंतु इमारतीचा दगड आणि खडी काढणाऱ्या उघड्या खाणीची खोली ६ मीटरपेक्षा जास्त नसेल, एका दिवशी कामावर ५० पेक्षा जास्त माणसे नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर त्याच अधिनियमाने तिला बहुतेक कलमांतून, अपघाताच्या नोंदीच्या कलमातूनही, सूट दिली. जेथे स्फोटके नाहीत, तेथे दगड हातानेच फुटतो. म्हणजे हत्याराच्या जखमा जेथे सर्वाधिक संभवतात, नेमकी तीच खाण नोंदीच्या बाहेर राहिली.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत संपूर्ण अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्के आणि संपूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के घटली असे धरले होते. ज्याला छिन्नी धरूनच पोट भरायचे आहे, त्याच्यासाठी हे आकडे फार अपुरे होते. शिवाय इजा कामावर झाली याचा कागदच नसेल, तर तेवढे मागणेही अवघड होते.

[दृश्य : मुकादमाची हजेरीची वही.]

हत्यारे खाणमालकाने पुरवावीत, सकाळी कामाआधी ती तपासावीत आणि दुरुस्तीचा वेळ मजुरीत धरावा, ही मागणी अवाजवी नाही. नोंदीसाठी तर नव्या यंत्रणेची वाट पाहण्याचेही कारण नाही. मजुराची उचल ज्या वहीत दर आठवड्याला लिहिली जाते, त्याच वहीत दुखापतीसाठी एक पान आखता येते : तारीख, कोणते हत्यार, कोणत्या अवयवाला इजा, किती दिवस काम बुडाले, आणि ते हत्यार दुरुस्त झाल्यावरच पुन्हा कामावर आले का.