बाहुली मोठी करून डोळा तपासलाय का?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक दिवाणजी आले होते. सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणारे. शुगर अकरा वर्षांची. म्हणाले, "डॉक्टर, दोन दिवस झालं, उजव्या डोळ्यापुढं कोळिष्टकं फिरतायत. परवापर्यंत वहीतला बारीक आकडा दिसत होता की मला!"

त्यांचं काही खोटं नव्हतं. परवापर्यंत दिसतच होतं. पण आतला पडदा त्याच्या कितीतरी आधीपासून बिघडत आलेला होता. अकरा वर्षांत थेंब घालून, बाहुली मोठी करून आतला पडदा एकदाही तपासला नव्हता. चष्म्याच्या दुकानात नंबर मात्र तीनदा काढला होता.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसाहूनही बारीक. आपल्या तासगाव-पलूसकडच्या बागायतदारांना हे लगेच कळेल. ठिबकची नळी जुनी झाली की एकीकडे तुंबते, दुसरीकडे गळते. शुगर वर्षानुवर्षं चढती राहिली की पडद्यातल्या नळ्यांचं तसंच होतं. गळालेलं पाणी पडद्याच्या मध्यभागी साचलं की अक्षर अंधुक होतं, सरळ रेघ वाकडी दिसते. जिथं नळी तुंबली तिथला पडदा उपाशी राहतो आणि मग तिथं नव्या नळ्या उगवतात. या नव्या नळ्या फार नाजूक. त्या फुटून आत रक्त सांडलं की दिवाणजींना दिसली तशी कोळिष्टकं दिसतात. पुढं पडदा ओढला जाऊन सुटूही शकतो.

आणि हे सगळं होताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणीही येत नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती याचीच. दुखलं असतं तर माणसं आधी आली असती.

म्हणून प्रकार दोनचा, म्हणजे सहसा मोठ्या वयात होणारा मधुमेह निघाला, की त्याच वेळी पडदा तपासून घ्या, कारण शुगर कळण्याआधी काही वर्षं ती अंगात असू शकते. नंतर वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तसं. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले, तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी हवी. गरोदरपणात हा आजार वेगानं वाढू शकतो, आणि घरच्यांच्या हे लक्षात नसतं.

चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? शुगर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर हलतो. शुगर काही आठवडे स्थिर होऊ द्या, मग चष्मा करा.

शुगर आटोक्यात ठेवल्यानं खरंच फरक पडतो का? पडतो. अमेरिका आणि कॅनडात इन्शुलिनवर असलेल्या, पहिल्या प्रकारच्या १,४४१ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचा निकाल १९९३ साली आला. शुगर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये नव्यानं पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता. प्रकार दोनच्या रुग्णांवरचा ब्रिटनमधला अभ्यास १९९८ साली आला. त्यात शुगरबरोबर रक्तदाब आवरल्याचाही डोळ्यांना फायदा दिसला. तेव्हा तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि बीपी, दोन्हींकडे लक्ष हवं. आणि हो, गूळ आणि बेदाणा आपल्या मातीतले असले तरी शुगर वाढवतातच.

पडदा बिघडलाच तर डोळ्यात इंजेक्शन किंवा लेसर हे उपचार असतात. डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की माणसं हादरतात. आधी बधिर करणारे थेंब घालतात, सुई काही क्षणांत आत-बाहेर होते. लेसरचं मात्र स्पष्ट सांगतो. गेलेली नजर तो सहसा परत आणत नाही, उरलेली राखतो. दिवाणजींचा उजवा डोळा पूर्वीसारखा झाला नाही. डावा वेळेवर हाती लागला. आज ते त्याच्या जोरावर सौद्याच्या नोंदी करतात.

तपासणीला येताना शुगरचे जुने कागद आणा. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हानं डोळे दिपतात, म्हणून गॉगल ठेवा. आणि मोटारसायकल स्वतः चालवत येऊ नका, घरातलं कुणीतरी सोबत असू द्या. त्यांनाही शुगर असेल, तर त्याच दिवशी त्यांचेही डोळे पाहून टाकू.