गीत : पारंपरिक

(दृश्य : सप्तशृंगगडाचा रस्ता, पहाट. लांबून संबळ ऐकू येतो.)

चैत्रोत्सवात गडाकडे निघालेल्या भाविकांच्या टेम्पोवर हे गाणं हमखास वाजतं. शब्द माझ्या मामांचे आहेत. मोबाइलवर हेच गाणं लावलं, की खाली लिहिलेलं दिसतं : गीत, पारंपरिक.

मामा सिन्नरकडचे. दिवसा शेती, रात्री जागरण-गोंधळ. सहा वर्षांपूर्वी सिडकोतल्या एका छोट्या स्टुडिओत हे गाणं रेकॉर्ड झालं. काढणाऱ्यांनी पाच हजार रुपये रोख हातावर ठेवले. कागद कुठलाच झाला नाही.

(दृश्य : मामांची वही. पिवळी पानं, निळी शाई.)

चाल मामांची नाही, हे ते आधीच सांगतात. ती आजीच्या जात्यावरची. तिच्यावर कुणाची मालकी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली हरिश्चंद्राची कथा पडद्यावर आणली, तीही पुराणातलीच होती. आज कुणीही हरिश्चंद्रावर नवा चित्रपट काढू शकतो. कायदा कल्पनेला कुंपण घालत नाही, ती ज्या शब्दांत, सुरांत, चित्रांत उतरते त्यांना घालतो. म्हणून जुन्या चालीवर मामांनी बांधलेली चार कडवी मामांचीच, वहीत उतरली त्या दिवसापासून. नोंदणी केलेली नसली तरीही.

स्टुडिओचं बिल भरणाऱ्याला वाटतं, गाणं आता आपलं. त्याचं असतं ते रेकॉर्डिंग. गायिकेचा तिच्या गायनावर वेगळा हक्क असतो. आणि शब्द? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी करार आणि सही असल्याशिवाय ते दुसऱ्याच्या मालकीचे होत नाहीत. करार झाला पण मुदत लिहायची राहिली, तर तो पाच वर्षांचाच धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक मोठी गोष्ट केली. गीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा निर्मात्याला सोडून देता येत नाही. तसं लिहून घेतलेला कागदही टिकत नाही. आपल्याकडच्या किती शाहिरांना, गोंधळ्यांना हे कुणी सांगितलंय? मला हे कळलं तेव्हा मामांचं गाणं निघून पाच वर्षं झाली होती.

पण पैशाचं मामा बोलतच नाहीत. गाणं काढून टाका, असंही म्हणत नाहीत.

“लोक म्हणतायत, म्हणू दे. देवीचं आहे. फक्त ते ‘पारंपरिक’ काढायला सांग. मी अजून जिवंत आहे.”

कायद्याचं कलम ५७ नेमकं हेच मागण्याचा अधिकार देतं. सगळे हक्क विकले, तरी रचना माझी आहे असं सांगण्याचा हक्क रचनाकाराकडेच राहतो.

(दृश्य : सायबर कॅफे. संगणकाच्या पडद्यावर अर्ज.)

वहीतल्या पानाचा फोटो काढला. गायिकेला व्हॉट्सॲपवर पाठवलेले शब्द तारखेसकट सापडले. ते जोडून चॅनेलवाल्यांना पत्र गेलं. उत्तराची वाट न बघता दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्जही भरतोय. शब्दांच्या नोंदणीची फी पाचशे रुपये. नोंदणी सक्तीची नाही, पण उद्या वाद कोर्टात गेला तर ती पुरावा म्हणून उभी राहते.

अर्जात रचनाकाराच्या नावाचा रकाना आला. मामा खुर्चीवरून उठले, माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले आणि आडनावाचं एकेक अक्षर सांगू लागले.