हिरडीखालची सफाई

हिरड्यांचा आजार तपासताना मिलिमीटरच्या खुणा कोरलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधील फटीत अलगद सरकवली जाते आणि फटीची खोली मोजली जाते. निरोगी हिरडीत ही खोली १ ते ३ मिलिमीटर असते. ती ४ किंवा त्याहून अधिक भरली, स्पर्शासरशी रक्त आले आणि क्ष-किरण चित्रात दातांभोवतीचे हाड खचलेले दिसले, तर लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो आजार जडला आहे असे समजावे.

या आजाराची सुरुवात दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरातून होते. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते, दातांची स्वच्छता थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत साऱ्यांच्याच हिरड्या सुजल्या, आणि दात पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. सूज हिरडीपुरती असते तोवर एवढे पुरते. हाड झिजू लागल्यानंतर मात्र ब्रश जिथे पोहोचतच नाही तिथली सफाई करावी लागते.

शस्त्रक्रियेविना होणारा उपचार म्हणजे मुख्यतः हीच सफाई. जागा बधिर करून, सेकंदाला २५ हजारांहून अधिक वेळा कंप पावणाऱ्या आणि पाण्याचा फवारा सोडणाऱ्या उपकरणाने, तसेच हाताने चालवायच्या वाकड्या टोकांच्या हत्यारांनी, मुळांवर घट्ट बसलेले कीटण आणि जिवाणूंचा थर काढला जातो. मूळ हिरडीआड असल्यामुळे दंतवैद्याला ते दिसत नाही, केवळ बोटांना जाणवणाऱ्या खडबडीतपणावरून काम करावे लागते. म्हणूनच ‘नुसतं क्लिनिंग’ म्हणून ज्याची बोळवण होते, ते खरे तर फार कसबाचे काम आहे. हळद-मिठाने हिरड्या चोळून हे कीटण निघत नाही आणि एकट्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचाही त्यावर इलाज चालत नाही.

सफाईनंतर सूज उतरते, हिरडी मुळाला पुन्हा चिकटते आणि फट उथळ होते. गेलेले हाड मात्र बहुतांशी परत येत नाही. हिरडी आक्रसल्याने दात लांब दिसतात, त्यांच्यामध्ये फटी जाणवतात आणि काही दिवस गार पाणी झोंबते. दात साफ केल्याने ते हलू लागतात, हा आपल्याकडचा पक्का समज बहुधा यातूनच रुजला असावा. वस्तुतः दात हाड खचल्यामुळे आधीच सैल झालेले असतात आणि कीटणाच्या थराने ते झाकलेले असते.

महाराष्ट्रात मशेरीचा उल्लेख टाळून हा विषय मांडता येत नाही. हिरड्यांना भाजलेली तंबाखू रोज चोळणाऱ्या व्यक्तीला तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटते, पण तंबाखूमुळे हिरड्यांचे नुकसान होते आणि हाच आजार बळावतो. धूम्रपानात तर रक्तस्राव कमी होत असल्याने धोक्याची खूणच दिसेनाशी होते आणि उपचारालाही गुण कमी येतो. मधुमेहाचे नाते दुहेरी आहे: वाढलेली साखर हिरड्यांचा आजार चिघळवते, तर हिरड्यांवरील उपचारानंतर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत थोडी, पण मोजता येण्याजोगी घट झाल्याचे आढळते.

साधारण तीन महिन्यांनी तीच सळई घेऊन प्रत्येक दाताभोवतीची मापे पुन्हा घेतली जातात. ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल फटी उरल्या असतील, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि तोही रुग्ण रोज दात नीट घासतो व दातांमधील फटी छोट्या ब्रशने साफ करतो याची खात्री पटल्यावर. बाकीच्यांना दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला बोलावले जाते, कारण हिरडीखाली जिवाणूंची वस्ती काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागते.